चुडातला तुडतुडा कोणता?

पाऊस ओसरतो, दसरा जवळ येतो आणि कर्जत-खालापूरच्या खाचरांत भाताचा दाणा भरू लागतो. कशेळे-कडावच्या बाजूला जा नाहीतर चौक-वावोशीच्या, बांधावरून बघितलं तर शेत समाधानाचं दिसतं. तुडतुडा बांधावरून दिसत नाही. त्यासाठी खाचरात उतरून चूड दोन्ही हातांनी फाकवावा लागतो आणि पाण्यालगतचा बुंधा बघावा लागतो. तिथे तीन-चार मिलिमीटर लांबीचे तपकिरी किडे काडीला चिकटून रस शोषत बसलेले असतात. चुडाला टपली मारली की काही पाण्यात पडतात, काही तिरपे सरकत काडीच्या पलीकडे जातात. माद्यांपैकी कित्येकींचे पंख आखूड असतात; त्या उडून जात नाहीत, तिथेच अंडी घालत राहतात. चुडामागे ५ ते १० तुडतुडे दिसले की उपाय करा, असं पीक संरक्षणाचे सल्ले सांगतात. तिकडे लक्ष गेलं नाही तर दाट वाढलेल्या शेताच्या मधोमध एक गोल चट्टा जळाल्यासारखा होतो आणि बघता बघता पसरतो.

अशा वेळी शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन कुठलं औषध मारू म्हणून विचारतो आणि दुकानदार एक बाटली काढून देतो. या दोघांच्या बोलण्यात एक प्रश्न येतच नाही: हा तुडतुडा कोणता? तपकिरी, पांढऱ्या पाठीचा आणि हिरवा हे तीन तुडतुडे नजरेला वेगळे ओळखू येतात. पण एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या दोन किड्यांत एक विषाणू वाहून नेणारा आणि दुसरा न नेणारा असू शकतो. एक विशिष्ट वाणावर उपाशी मरतो, दुसरा त्याच वाणावर पोसतो. एक ठरावीक औषधाने मरतो, दुसरा मरत नाही. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, डीएनएत दिसतो. रोग पसरवणाऱ्या किडींचे जनुकीय ठसे घेण्याच्या कामाला जगभर तीन दशकांहून जास्त काळ झाला. त्यातून काय कळलं, कुठे ते उपयोगी पडलं, कुठे अपुरं पडलं आणि उल्हास-पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या शेतीला त्यातून काय घेता येईल, हे या लेखात बघायचं आहे.

ॲलेक जेफ्रीज यांना इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात १९८४ मध्ये माणसाच्या डीएनएचा ठसा सापडला. पुढे गुन्ह्यांच्या तपासात आणि पितृत्वाच्या दाव्यांत तो रुळला. किड्यांच्या बाबतीत अडचण अशी की एका तुडतुड्यातून मिळणारा डीएनए अगदी थोडा असतो. पीसीआरमुळे त्या थोड्याशा डीएनएच्या कोट्यवधी प्रती काढता येऊ लागल्या आणि १९९० नंतर कीटकशास्त्राची प्रयोगशाळा बदलली. अल्कोहोलमध्ये ठेवलेला किडा चिरडायचा, डीएनए वेगळा करायचा, निवडक तुकडे वाढवायचे आणि जेलवर विजेच्या प्रवाहात पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि पट्ट्यांची एक ओळ तयार होते. दोन किड्यांच्या ओळी शेजारी ठेवल्या की नातं कळतं. सुरुवातीची रॅपिडसारखी तंत्रं स्वस्त होती, पण एका प्रयोगशाळेत मिळालेल्या पट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेत तशाच मिळतील याची खात्री नसे. त्यानंतर मायक्रोसॅटेलाइट हे जास्त भरवशाचं तंत्र आलं. २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी सर्वत्र वापरावा असं सुचवलं. त्यालाच डीएनए बारकोड म्हणतात. आता संपूर्ण जनुकसंचातले हजारो बारीक फरक एकाच वेळी वाचता येतात.

या कामाचं सर्वांत बोलकं उदाहरण द्राक्षवेलीचं आहे. कॅलिफोर्नियात द्राक्षाला पिअर्स रोग होतो. झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू वेलीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो आणि वेल वाळते. न्यूटन पिअर्स यांनी या रोगाचं वर्णन १८९२ मध्ये केलं, म्हणजे रोग तिथे जुनाच होता. १९९० च्या सुमारास ग्लासी-विंग्ड शार्पशूटर नावाचा मोठा तुडतुडा राज्यात दिसू लागला आणि चित्र पालटलं. स्थानिक तुडतुड्यांपेक्षा तो लांब उडे, जाड फांदीतूनही रस ओढे. १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलाच्या बागा या रोगाने कोलमडल्या. हा पाहुणा आला कुठून, हे कळणं निकडीचं होतं, कारण त्याचे नैसर्गिक शत्रू त्याच्या मूळ गावीच शोधावे लागणार होते. अमेरिकी कृषी खात्याच्या टेक्सासमधल्या वेस्लाको केंद्रात जेसी डी लिऑन आणि वॉकर जोन्स यांनी ठिकठिकाणचे तुडतुडे जमवून त्यांचे ठसे घेतले. फ्लोरिडा-जॉर्जियाकडचे एका गटात पडले, टेक्सास आणि कॅलिफोर्नियाचे दुसऱ्या. कॅलिफोर्नियात शिरलेल्या टोळीचं माहेर बहुधा टेक्सास ठरलं.

याच कामातून निघालेली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. या तुडतुड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी गोनाटोसेरस ही बारीक परोपजीवी गांधीलमाशी आहे. त्यातली मॉरिली नावाची एक जात टेक्सास-मेक्सिकोकडे होती आणि कॅलिफोर्नियातही आहे असं धरलं जात होतं. ठसे घेतल्यावर त्या दोन वेगळ्या जाती निघाल्या आणि कॅलिफोर्नियातल्या जातीला स्वतंत्र नाव द्यावं लागलं. मित्रकीटक सोडणाऱ्याला आपण सोडलेली माशी टिकली की आधीचीच वाढली, हे कळण्याचा याखेरीज मार्ग नव्हता. शत्रूची ओळख पटवण्याइतकीच मित्राची ओळख पटवणं महत्त्वाचं असतं, आणि आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं.

महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यात पिअर्स रोगापेक्षा जवळचा प्रश्न पिठ्या ढेकणाचा आहे. घडात शिरून चिकटा सोडणारी आणि माल मातीमोल करणारी ही कीड नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला चांगली माहीत आहे. पिठ्या ढेकूण वेलीचं पान गुंडाळणाऱ्या लीफरोल रोगाचे विषाणूही एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेतो, हे मात्र कमी बोललं जातं. नाशिक आणि पुणे भागातल्या बागांत लीफरोलशी निगडित विषाणूंची नोंद दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ च्या सुमारास केली. पिठ्या ढेकणाच्या अनेक जाती आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखायच्या तर पूर्ण वाढलेली मादीच लागते. पिल्लांवरून जात सांगता येत नाही. डीएनएला वयाची अट नाही. बंदरात किंवा रोपवाटिकेत सापडलेलं एक पिल्लूही नाव सांगून जातं.

कर्जत-खालापूरला द्राक्षबागा नाहीत. पण द्राक्षावरच्या कामातली जी पद्धत आहे, तिची गरज इथल्या भाताला कमी नाही. कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र शंभर वर्षांहून जुनं आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं हे भाताचं मुख्य केंद्र. कर्जत या नावाचे वाण इथूनच निघाले आणि १९९८ चा सह्याद्री हा संकरित भातही इथलाच. वाणाची निवड आणि किडीची ओळख यांचा संबंध किती घट्ट आहे, हे तपकिरी तुडतुड्याचा इतिहास बघितला की पटतं.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आयआर-२६ हा वाण १९७३ मध्ये आला. त्यात तुडतुड्याला तोंड देणारं एक जनुक होतं. दोन-तीन वर्षांत तुडतुडे त्यावर पोसू लागले. १९७६ मध्ये दुसरं जनुक असलेला आयआर-३६ आला. तुडतुड्यांच्या या बदललेल्या टोळ्यांना बायोटाइप एक, दोन, तीन अशी नावं पडली. भारतीय उपखंडात ही दोन्ही जनुकं पहिल्यापासूनच निकामी ठरली, म्हणून इथल्या तुडतुड्यांना बायोटाइप चार म्हणू लागले. केरळच्या पट्टांबीचा पीटीबी-३३ हा जुना वाण मात्र इथे आणि तिथे दोन्हीकडे टिकला. मनिलाजवळच्या शेतात सिद्ध झालेलं बियाणं नेरळजवळच्या शेतात टिकेलच असं नाही, कारण दोन्हीकडचा तुडतुडा एकच नाही.

इथे एक जपून सांगण्यासारखी गोष्ट आहे. बायोटाइप या शब्दामुळे असं वाटतं की प्रत्येकाचा डीएनए ठसा स्वच्छ वेगळा असेल. तसं नाही. कार्डिफच्या मायकेल क्लॅरिज आणि डेन हॉलंडर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं की बायोटाइप एक, दोन, तीन या पक्क्या भिंती घातलेल्या जमाती नव्हेत. वाणावर मात करण्याची ताकद अनेक जनुकांवर अवलंबून असते आणि एकाच शेतातल्या तुडतुड्यांत ती कमी-जास्त असते. बारकोडचा ६५८ अक्षरांचा तुकडा जात सांगेल, कदाचित खंडही सांगेल. हा तुडतुडा कर्जत-७ वर जगेल की नाही, हे तो सांगणार नाही. ते जाणून घ्यायला आजही तुडतुडे रोपांवर सोडून बघावं लागतं. ठसा आणि रोपावरची चाचणी यांची सांगड घातली तरच अर्थ लागतो. २०१४ मध्ये तपकिरी तुडतुड्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला. तो सुमारे १.१४ अब्ज अक्षरांचा, भाताच्या जनुकसंचाच्या जवळपास तिप्पट निघाला. त्याच्या शरीरात राहणारी यीस्टसारखी बुरशी त्याला भाताच्या रसात नसलेली पोषकं पुरवते, हेही त्यातून स्पष्ट झालं. आखूड पंख की लांब, हे इन्सुलिनला प्रतिसाद देणारी दोन जनुकं ठरवतात, असं २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं. चुडाच्या बुंध्यावर बसलेल्या त्या आखूड पंखांच्या मादीचं कारण आता इतक्या खोलवर माहीत आहे.

तपकिरी तुडतुडा रस शोषतो तेवढ्यावर थांबत नाही, तो ग्रासी स्टंट आणि रॅगेड स्टंट हे विषाणूही वाहतो. ग्रासी स्टंटला तोंड देणारं जनुक उत्तर प्रदेशातल्या ओरायझा निवारा या रानभाताच्या एका नमुन्यात सापडलं आणि तिथून ते आयआर-३६ सारख्या वाणांत गेलं. विषाणू वाहण्यात खरा पटाईत मात्र हिरवा तुडतुडा. टुंग्रो रोगात दोन विषाणू असतात: एक डीएनएचा, एक आरएनएचा. पानं पिवळी-नारिंगी होतात, रोप खुंटतं. मौज म्हणजे पहिला विषाणू दुसऱ्याच्या मदतीशिवाय तुडतुड्यावर स्वार होऊ शकत नाही. पश्चिम बंगालात १९८१ मध्ये आणि पंजाबात १९९८ मध्ये या रोगाने मोठं नुकसान केलं. हिरव्या तुडतुड्याच्या दोन जाती शेजारी-शेजारी राहतात. व्हिरेसेन्स मुख्यतः भातावर जगते आणि टुंग्रो जोमाने पसरवते. निग्रोपिक्टस बांधावरच्या गवतावर जास्त असते आणि रोग पसरवण्यात कमजोर. नरांच्या पंखांवरच्या काळ्या खुणा आणि डोक्यावरची काळी पट्टी बघून अनुभवी माणूस त्या वेगळ्या काढतो. माद्या आणि पिल्लं ओळखताना त्याचाही गोंधळ उडतो. बांधावरचं गवत कापावं का, हिरवे तुडतुडे दिसले म्हणून घाबरावं का, याचं उत्तर या दोन जातींच्या प्रमाणावर अवलंबून आहे. टुंग्रोविरुद्ध सुरुवातीला दिलेले पुष्कळ वाण विषाणूला नव्हे तर तुडतुड्याला नकोसे होते. तुडतुडा त्यांना सरावला आणि काही वर्षांत रोग परत आला.

भारतातल्या किडींचे ठसे घेण्याचं काम आधी गादमाशीवर झालं. ही माशी रोग पसरवत नाही, पण तिच्यामुळे फुटव्याची चंदेरी नळी होते आणि लोंबी येतच नाही. आपल्याकडे भंडाऱ्याचा साकोली भाग तिच्यासाठी कुप्रसिद्ध आहे. देशात तिचे सात बायोटाइप मोजले गेले. हैदराबाद आणि दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी १९९५ ते २००० या काळात ते वेगळे ओळखणारे डीएनए तुकडे शोधले. त्यातला एक तुकडा माशीच्या लिंगाशी आणि वाणावर मात करण्याच्या गुणाशी जोडलेला निघाला. ठशाने शेतातला गुण पकडला, असं हे दुर्मीळ उदाहरण. दुसरं काम पुण्याचं आहे आणि त्याची आठवण आपल्याला असायला हवी. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्र. का. रांजेकर यांच्या गटाने देशातल्या २८ ठिकाणांचे पिवळ्या खोडकिड्याचे नमुने रॅपिडने तपासले आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. वेगवेगळ्या बायोटाइपऐवजी देशभर मिसळलेली एकच मोठी वस्ती, असं चित्र त्यातून पुढे आलं. गाभेमर आणि पळींज करणारा खोडकिडा गावोगाव वेगळा नाही, हेसुद्धा उपयोगी उत्तर आहे. मग गावापुरता उपाय करून भागत नाही, हे आपसूक ठरतं.

भात कापला की इथल्या जमिनीच्या ओलीवर वाल पेरला जातो. ठाकूर-कातकरी वाड्यांवर आणि पाणी असेल तिथे भेंडीही होते. दोन्ही पिकांना पांढऱ्या माशीमार्फत केवडा लागतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाची पहिली नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातून केली. वालाच्या पिवळ्या केवड्याची नोंद कपूर आणि वर्मा यांनी १९५० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये केली. म्हणजे या दोन्ही रोगांच्या इतिहासाचं पहिलं पान महाराष्ट्रात लिहिलं गेलं. त्या काळी पांढरी माशी ही एकच जात मानली जाई. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकात ३.५ टक्क्यांहून जास्त फरक असलेल्या टोळ्या वेगळ्या जाती धरल्या, तर आता त्यांची संख्या ४० च्या वर जाते. भारतात आशिया-१, आशिया-२ च्या अनेक शाखा आणि बाहेरून आलेली, औषधांना न जुमानणारी एक जात आहे. ही बाहेरची माशी १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारला सापडली आणि तिथल्या टोमॅटोवर पानं आकसवणारा रोग तिने जोरात पसरवला. वालावर आणि भेंडीवर एकाच शिवारात बसलेल्या पांढऱ्या माश्या एकच की दोन, यावर वाल आणि भेंडी शेजारी लावावी की नाही हे अवलंबून राहतं.

आता कर्जत-खालापूरच्या जमिनीचा विचार. या दोन तालुक्यांत एक फरक आहे, जो किडीच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकतो. टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणारं पाणी पेज नदीला मिळतं आणि राजनाला कालव्याने कर्जतच्या शेतांत फिरतं. त्यामुळे तिथे उन्हाळी भात होतो. खालापूरलाही खोपोली वीजगृहाचं पाणी पाताळगंगेत येतं, पण तिथलं भात मुख्यतः पावसाळी. म्हणजे राजनाल्याच्या कडेने तुडतुड्याला जवळजवळ वर्षभर अन्न आहे, बाकीकडे सहा-सात महिने नाही. दुसरी बाजू घाटाची. बोरघाटाच्या वर मावळ आहे, तिथे वडगाव मावळचं संशोधन केंद्र आणि १९८७ पासून पसरलेला इंद्रायणी भात. पावसाळ्यात वारा कोकणातून घाटावर जातो, दिवाळीनंतर उलटा खाली येतो. तपकिरी तुडतुडा वाऱ्यावर किती लांब जातो, हे १९६७ मध्ये जपानच्या दक्षिणेला भर समुद्रात उभ्या असलेल्या हवामान जहाजावर तुडतुड्यांचे थवे उतरले तेव्हा जगाला कळलं. समुद्र ओलांडणाऱ्याला खंडाळा अवघड नाही.

तेव्हा प्रश्न नेमका विचारता येतो. ऑक्टोबरमध्ये वावोशीच्या खाचरात वाढलेला तुडतुडा राजनाल्यावरच्या उन्हाळी भातातून आला, मावळातून आला, की इथल्याच गवतात टिकून होता? २००९ पासून राज्यात क्रॉपसॅप या कीड-सर्वेक्षण प्रकल्पाचे निरीक्षक शेतोशेत किडी मोजतात. त्या मोजणीत भातही आला. संशोधन केंद्रांवर प्रकाश सापळे लागतात. पण मोजून झालेला किडा टाकून दिला जातो. तोच ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत घालून कुपीवर तारीख, गाव, वाण, पिकाची अवस्था आणि आधी कुठली फवारणी झाली हे लिहिलं, तर ठसा घेण्यासाठीचा नमुना तयार होतो. या नोंदीशिवाय महागडं यंत्रही मुकं आहे. द्राक्षाच्या कामात वेस्लाकोची प्रयोगशाळा जितकी महत्त्वाची होती, तितकीच राज्याराज्यांतून नीट लेबल लावून आलेली कुपी महत्त्वाची होती. आपल्याकडे डीएनए वाचणाऱ्या प्रयोगशाळा पुणे, बंगळुरू, हैदराबादला आहेत. शिस्तीने जमवलेले नमुने खाचरातूनच यावे लागतील आणि ते जमवण्याचं काम कर्जतचं केंद्र, तालुका कृषी कार्यालय आणि वाड्या-वस्त्यांवरची शिकलेली मुलं मिळून करू शकतात. कुपीत तुडतुड्याबरोबर त्याची अंडी खाणारा मिरिड ढेकूण आणि पाण्यावर फिरणारा कोळीही जायला हवा. कोळ्याच्या पोटातल्या डीएनएवरून त्याने तुडतुडा खाल्ला की दुसरं काही, हे आता सांगता येतं. १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरची ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली, ती याच कारणाने: फवारणीने आधी कोळी आणि मिरिड मरत होते आणि तुडतुडे आणखी वाढत होते.

उत्तर काय येईल हे आधीच ठरवता येणार नाही. ऑक्टोबरचे तुडतुडे राजनाल्याकडचे निघाले, तर कालव्याचं पाणी सोडण्याचं आणि उन्हाळी भात कापून शेत मोकळं ठेवण्याचं वेळापत्रक दोन्ही तालुक्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. मावळातले निघाले, तर वडगावच्या सापळ्यात तुडतुडे वाढल्याची खबर त्याच दिवशी कर्जतला यायला हवी. आज घाटावरचं वडगाव राहुरी विद्यापीठाकडे आहे आणि घाटाखालचं कर्जत दापोलीकडे. आणि खोडकिड्यासारखी सगळीकडे मिसळलेली एकच वस्ती निघाली, तर एका शेतकऱ्याने एकट्याने मारलेल्या फवारणीचा खर्च वाया जातो, हे त्याला आकडे दाखवून सांगता येईल. तिन्हींपैकी कोणतंही उत्तर आलं, तरी भिवपुरीपासून वावोशीपर्यंत एका पूर्ण वर्षाचे, दर पंधरवड्याचे नमुने हवेत. जूनमध्ये आवण टाकण्याच्या दिवसापासून ते गोळा करायला सुरुवात व्हायला हवी.